जपून वापरलेली मार्टिन गिटार विकताना
वाद्यांची देखभाल आणि खरेदी-विक्री : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहतो. २००९ साली कंपनीच्या कामानिमित्त न्यू जर्सीत असताना मी मार्टिन कंपनीची डी-२८ ही अकूस्टिक गिटार तेथील एका दुकानातून नवी घेतली. तिचे बिल आणि मूळ हार्ड केस माझ्याकडे आहे. गिटार कधी भिंतीवर टांगली नाही, कोणाला वापरायलाही दिली नाही. अंगठ्याच्या सांध्याच्या दुखण्यामुळे आता वाजवणे जवळजवळ थांबले आहे आणि घरात दुसरे कोणी वाजवत नाही, म्हणून ती विकावी असे ठरवले. एका दुकानदाराने सांगितलेली किंमत इतकी कमी होती की मी गिटार तशीच परत आणली. त्यानंतर ऑनलाइन जाहिरात दिली, तेव्हा एका गृहस्थांनी गिटार न पाहताच माझी पूर्ण किंमत मान्य केली, स्वतःची ओळख लष्करी अधिकारी अशी करून दिली आणि ‘हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असे सांगून क्यूआर कोड पाठवला. मी अजून काहीही केलेले नाही. गिटारच्या पुढच्या फळीवर तांदळाच्या दाण्याएवढा पोचा आहे आणि पहिल्या तीन फ्रेटवर (तारा दाबतात त्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांच्या खुणा पडल्या आहेत. विकण्यापूर्वी पॉलिश करून घ्यावे का? फ्रेट बदलावेत का? किंमत किती धरावी, आणि इतक्या वर्षांनी ती वाढली आहे असे समजावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सर्वांत आधी त्या कोडविषयी, कारण बाकीचे प्रश्न चार दिवस थांबू शकतात. यूपीआयमध्ये पैसे घेणाऱ्याला कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. या दोन्ही गोष्टी फक्त पैसे देणाऱ्याला कराव्या लागतात. आलेला कोड आपण स्कॅन करून पिन टाकला असता, तर पैसे आपल्याच खात्यातून गेले असते. वस्तू न पाहता, घासाघीस न करता, पूर्ण किंमत कबूल करणारा आणि बदलीची घाई सांगणारा ‘अधिकारी’ हा या फसवणुकीचा ठरलेला नमुना आहे. त्या क्रमांकाला उत्तर न देता तो ब्लॉक करावा. लाखाच्या घरातली गिटार हातात घेऊन वाजवून पाहिल्याशिवाय खरा वादक कधी घेत नाही, हे लक्षात ठेवले तर अशी निम्मी गिऱ्हाइके आपोआप गळतील.

आता किमतीकडे येऊ. जुनी मार्टिन म्हणजे सोने, असा एक समज आहे. त्यात तथ्य आहे, पण ते आपल्या गिटारला लागू पडत नाही. संग्राहक ज्या मार्टिन शोधतात त्या प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या असतात, किंवा निदान १९६९ पर्यंतच्या, म्हणजे कंपनी पाठीसाठी आणि बाजूंसाठी ब्राझीलचे रोजवुड वापरत होती त्या काळातल्या. महायुद्धापूर्वी बनलेल्या डी-४५ या मॉडेलच्या गिटार तर अवघ्या ९१ आहेत. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन याची डी-१८ई २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरना गेली, पण ती किंमत कोबेनची होती, लाकडाची नव्हे. आपली २००९ ची गिटार जुन्या बाजारातले दुर्मीळ वाद्य नाही, ती उत्तम स्थितीतले वापरलेले वाद्य आहे. तिची किंमत वाढलेली नाही, मात्र साध्या कारखानी गिटारची पडते तशी ती पडलेलीही नाही, कारण डी-२८ हे मॉडेल १९३१ पासून मार्टिनच्या यादीत आहे आणि ते मागणारे वादक प्रत्येक पिढीत निघतात.

म्हणून आपण २००९ मध्ये दिलेले डॉलर आणि तेव्हाचा दर यांचा हिशेब बाजूला ठेवावा. गिऱ्हाईक तो हिशेब करत नाही. हीच गिटार आज भारतात नवी घ्यायची तर किती पडेल आणि त्यातले किती वाचतील, एवढेच तो पाहतो. नवी डी-२८ अमेरिकेतच ३,००० डॉलरच्या वर आहे, आणि आयात शुल्क, कर व वाहतूक धरून ती येथे आणखी महाग पडते. विकत घेण्याच्या इराद्याने दोन-तीन दुकानांत आजचा भाव विचारावा. ज्या गिटारची मान सरळ आहे, कोठे तडा नाही आणि जिची मूळ केस व बिल जवळ आहे, तिला त्या भावाच्या ६० ते ७० टक्के मिळणे मला रास्त वाटते. जाहिरातीतला आकडा ७० टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि मनातला शेवटचा आकडा आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावा, नाहीतर समोरचा गोड बोलून तो खाली आणतो.

येथे एक बारकावा आहे. कंपनीने २०१७ मध्ये डी-२८ ची रचना बदलली. पुढच्या फळीच्या आतल्या पट्ट्यांची मांडणी बदलली आणि नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपाशी, मानेची रुंदी ४२.९ मिलिमीटरवरून ४४.५ मिलिमीटर केली. आपली गिटार जुन्या, किंचित अरुंद मानेची आहे. लहान पंजाच्या किंवा पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवणाऱ्या वादकाला ती अधिक सोयीची वाटते, तर बोटांनी वाजवणाऱ्याला रुंद मान हवी असते. जाहिरातीत हे माप दिले तर चुकीचे गिऱ्हाईक घरापर्यंत येऊन परत जाणार नाही.

त्या दुकानदाराविषयी राग धरण्याचे कारण नाही. तो ज्या भावाला गिटार विकू शकेल, त्याच्या साधारण निम्म्या भावाला घेऊ पाहतो, कारण मधल्या काळात पैसा त्याचा अडकतो, सेटअप (तारांची उंची आणि मान नीट जुळवण्याचे काम) तो करून घेतो आणि उद्या काही निघाले तर तक्रारही त्यालाच ऐकावी लागते. घाई असेल तर तो मार्ग वाईट नाही. मधला मार्ग असा की गिटार दुकानात विक्रीसाठी ठेवायची आणि विकली गेल्यावर ठरलेले कमिशन द्यायचे. तसे केल्यास गिटार किती दिवस ठेवणार, गिऱ्हाइकांना कोणाच्या देखरेखीखाली वाजवायला देणार आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, हे लेखी घ्यावे.

पॉलिश मुळीच करून घेऊ नये. डी-२८ वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असतो. हा थर वर्षानुवर्षे हळूहळू पिवळसर होत जातो आणि त्याखालची स्प्रूस या लाकडाची फळी मधासारखी दिसू लागते. जाणकार वादक नेमका हाच रंग पाहतो. लाकडी फर्निचरला लावतात तसली सिलिकॉनयुक्त पॉलिश या थरावर चढली तर पुढे दुरुस्ती करणाऱ्याला लॅकर नीट बसवता येत नाही. मऊ, किंचित ओलसर सुती कापडाने पुसून लगेच कोरडे करणे एवढे पुरे. पोच्याला हात लावू नये. तांदळाएवढा पोचा इतक्या वर्षांच्या गिटारला शोभतो, आणि तो बुजवण्याच्या नादात लावलेला लॅकरचा डाग मात्र पाहणाऱ्याच्या मनात ‘आणखी काय झाकले असेल?’ हा प्रश्न उभा करतो.

फ्रेटचेही तसेच. पहिल्या तीन फ्रेटवरच्या खुणा म्हणजे गिटार वाजली, एवढाच अर्थ. त्या फ्रेटवर तार दाबल्यावर खरखर येत नसेल तर काहीही करू नये. येत असेल तर चांगल्या कारागिराकडून फ्रेट समपातळीत घासून घ्यावेत. सगळे फ्रेट बदलणे हा मोठा खर्च असतो आणि तो किमतीत वसूल होत नाही. शिवाय फ्रेट किती जाडीचे बसवावेत ही प्रत्येक वादकाची आपापली आवड असते, तेव्हा ते काम नव्या मालकासाठी ठेवणेच बरे. खर्च करायचाच असेल तर दोन गोष्टींवर करावा : नव्या तारांचा संच आणि एक व्यवस्थित सेटअप.

सेटअपवर माझा इतका भर असण्याला कारण आहे. गिटारच्या तारांचा एकत्रित ताण ७० किलोंहून अधिक असतो आणि तो अखंड चालू असतो. डी-२८ ची मान डव्हटेल (एकात एक गुंतणाऱ्या खाचेच्या) सांध्याने शरीराला चिकटवलेली असते. काही दशकांनी हा सांधा ताणापुढे किंचित झुकतो, तारा फ्रेटपासून वर जातात आणि गिटार बोटांना जड लागते. त्यावर तात्पुरता उपाय म्हणून ब्रिजवरचे (फळीवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरचे) सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून खाली आणतात. एकदा सॅडल घासायला जागाच उरली नाही की मान काढून कोन दुरुस्त करून पुन्हा बसवावी लागते, आणि हे काम विश्वासाने सोपवावे असे कारागीर आपल्याकडे थोडे आहेत. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक गिटारची चमक पाहण्याआधी बाजूने ब्रिज पाहतो आणि सॅडल किती वर राहिले आहे हे मोजतो.

ही तपासणी आपणही आधीच करावी. गिटार सुरात लावून बाराव्या फ्रेटपाशी फ्रेटच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजा. ते २.४ मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तारेखाली १.६ ते १.८ मिलिमीटर असेल तर उत्तम. मग एक लांब सरळ पट्टी मानेवर फ्रेटवरून ब्रिजच्या दिशेने ठेवा. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला अलगद टेकले तर मानेचा कोन ठीक आहे, आणि ते ब्रिजच्या अंगावर खालच्या बाजूला आपटले तर मान झुकली आहे असे समजावे. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. ही मापे जाहिरातीत लिहिली की विक्रेत्याला गिटार कळते हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात येते आणि घासाघिशीचा सूरच बदलतो.

हवामानाचाही विचार हवा. अशा गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पुण्याची हवा मार्च ते मेमध्ये याच्या बरीच खाली आणि पावसाळ्यात बरीच वर जाते. कोरड्या हवेत मानेचे लाकूड आक्रसते, फ्रेटची टोके कडेला बोटांना टोचू लागतात आणि साउंडहोल (पुढच्या फळीवरचे गोल भोक) व ब्रिज यांमधली फळी किंचित खोल जाते. दमट हवेत ब्रिजमागची फळी फुगते आणि तारा उंच होतात. एकच गिटार मे आणि ऑगस्टमध्ये वेगवेगळी वाटते ती यामुळेच. शक्य असेल तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विक्रीला काढावी, आणि त्याच हवेत केलेला सेटअप गिऱ्हाइकाला दाखवावा. केसमध्ये लहानसा आर्द्रतामापक ठेवलेला असला तर आपण गिटार जपली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

जाहिरात थोडक्यात पण भरीव असावी. ‘नव्यासारखी’, ‘अप्रतिम आवाज’ हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. मी असा मजकूर लिहीन : ‘मार्टिन डी-२८, २००९ मध्ये अमेरिकेत नवी घेतली, एकच मालक, मूळ बिल व हार्ड केस सोबत. स्प्रूसची फळी, ईस्ट इंडियन रोजवुडची पाठ व बाजू. तडा नाही, दुरुस्ती झालेली नाही. साउंडहोलजवळ तांदळाएवढा पोचा, पहिल्या तीन फ्रेटवर हलक्या खुणा, खरखर नाही. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची २.४ आणि १.८ मिमी. नटपाशी रुंदी ४२.९ मिमी. पुण्यात प्रत्यक्ष वाजवून पाहता येईल. कुरिअरने पाठवणार नाही.’ ‘लाइफटाइम वॉरंटी’ असे मात्र लिहू नये. मार्टिनची ती वॉरंटी फक्त पहिल्या मालकासाठी असते आणि गिटारबरोबर पुढे जात नाही. हे माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला पुढची सगळी विधाने संशयास्पद वाटू लागतात.

जाता जाता, त्या पाठीच्या लाकडाविषयी एक गोष्ट. जगभर ज्याला ईस्ट इंडियन रोजवुड म्हणतात ते आपले शिसवच. दक्षिण भारतातल्या जंगलांतले हे लाकूड पेनसिल्व्हेनियातल्या नाझारेथ गावी, मार्टिनच्या कारखान्यात गेले आणि आपण ते परत घेऊन आलात. वाड्यातल्या शिसवी पलंगाचे हे लांबचे नातलग आहे.

छायाचित्रे दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय काढावीत. पुढची बाजू, पाठ, दोन्ही कडा, हेडस्टॉक (मानेचे खुंट्या असलेले टोक) पुढून व मागून, पहिले पाच फ्रेट जवळून, ब्रिज बाजूने आणि पोच्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून एक चित्र. साउंडहोलमधून आत, मानेच्या टोकाच्या ठोकळ्यावर मॉडेलचे नाव आणि क्रमांक छापलेला दिसेल. कंपनी दरवर्षाचा शेवटचा क्रमांक प्रसिद्ध करते, त्यामुळे गिटारचे वर्ष कोणालाही ताडून पाहता येते. हे चित्र द्यावे, पण शेवटचे दोन अंक झाकून, कारण आपलीच चित्रे आणि क्रमांक वापरून दुसराच कोणी जाहिरात देतो असे घडते. मार्टिनच्या नकली गिटारही बाजारात बऱ्याच आहेत. हेडस्टॉकवर नटच्या मागे ट्रस रॉडचे (मानेतल्या धातूच्या सळईचे) छोटे झाकण स्क्रूने बसवलेले दिसले की ती डी-२८ खोटी, कारण खऱ्या गिटारचा रॉड साउंडहोलमधून फिरवतात. आपली खरी आहे हे दाखवणारे हेडस्टॉकचे पुढचे चित्र म्हणूनच महत्त्वाचे. त्यासोबत फोनवरच, काहीही प्रक्रिया न करता, एक-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण द्यावे, ज्यात चार मोकळ्या कॉर्डनंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवलेला असेल. ऐकायला ते कंटाळवाणे असते, पण घेणारा नेमके तेच शेवटपर्यंत ऐकतो.

गिऱ्हाईक शोधताना जाहिरातीच्या आधी शहरातल्या गिटार शिक्षकांना कळवावे. स्वतःची साधी गिटार वाजवून कंटाळलेला आणि आता चांगली घेण्याइतकी कमाई झालेला विद्यार्थी त्यांनाच ठाऊक असतो. पुण्यात असा कोणी मिळाला नाही तर मुंबई आणि बंगळूरहून लोक येतात. भेट शक्यतो घरी किंवा शिक्षकाच्या वर्गात ठेवावी. येणारा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत ब्रिजखालची पट्टी पाहू लागला तर वाईट वाटून घेऊ नये, तो काम जाणणारा आहे. त्याला गिटार देऊन अर्धा तास दुसऱ्या खोलीत बसावे. मालक समोर टक लावून बसला असेल तर भले वादकही दोन-तीन ठेवणीतले तुकडे वाजवून उठतात आणि निर्णय पुढे ढकलतात. ‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्याकडून विसार घेतल्याशिवाय गिटार त्याच्यासाठी राखून ठेवू नये. विसार थोडा असला तरी चालेल, पण किती दिवसांचा आणि व्यवहार मोडल्यास परत की नाही, हे तिथेच लिहून घ्यावे.

पैसे बँकेतून घ्यावेत. यूपीआयची सर्वसाधारण दैनंदिन मर्यादा एक लाख रुपये आहे. त्यावरच्या रकमेसाठी एनईएफटी आणि दोन लाख व त्यावरील रकमेसाठी आरटीजीएस ही सेवा सुट्टीच्या दिवशीही चालते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच केस हातात द्यावी. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रुपये रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि तितक्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होतो, हे बऱ्याच विक्रेत्यांना ठाऊक नसते. स्वतःच्या वापरातली गिटार ही वैयक्तिक वापराची जंगम वस्तू असल्याने तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांना ही सूट नाही, वाद्य मात्र त्या यादीत येत नाही. एका साध्या कागदावर दोघांची नावे, गिटारचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि ‘पाहून, वाजवून, आहे त्या स्थितीत घेतली’ हे वाक्य लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

प्रश्न : आमचे काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी १९६० च्या दशकात आणलेली मार्टिन डी-२८ आमच्या मडगावच्या घरात आहे. पिकगार्डच्या (फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या) कडेने पुढच्या फळीला एक लांब तडा आहे. एक जर्मन पर्यटक ती चांगल्या किमतीला घेऊन विमानाने सोबत नेतो म्हणतो. तडा आधी बुजवून घ्यावा का?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : आपली गिटार पहिल्या प्रश्नातल्या गिटारहून अगदी वेगळी आहे. क्रमांकावरून तिचे वर्ष १९६९ पूर्वीचे ठरले तर तिची पाठ ब्राझीलच्या रोजवुडची असण्याची दाट शक्यता आहे. हे झाड १९९२ पासून दुर्मीळ प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या वस्तूंचा देशाबाहेरचा व्यापार जवळजवळ बंद आहे. रोजवुडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये जी सवलत मिळाली ती शिसवासह दुसऱ्या परिशिष्टातल्या लाकडांना आहे, ब्राझीलच्या रोजवुडला नाही. कराराच्या आधीचे लाकूड असल्याचे प्रमाणपत्र मिळू शकते, पण ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडील साइटिस प्राधिकरणाकडून आधी घ्यावे लागते. ते नसताना पर्यटकाने गिटार विमानतळावर नेली तर ती जप्त होऊ शकते, भारतात किंवा जर्मनीत. पैसे कितीही चांगले असले तरी प्रमाणपत्राशिवाय हा व्यवहार करू नये. कागद मिळेपर्यंत थांबण्याची त्याची तयारी नसेल तर भारतातलाच गिऱ्हाईक पाहावा. शंभर वर्षे पूर्ण झाली नसल्याने पुरातन वस्तूंच्या कायद्याचा मात्र आपल्याला त्रास नाही.

तडा बुजवू नये. त्या काळात पिकगार्ड थेट उघड्या लाकडावर चिकटवून त्यावरून लॅकर मारत असत. प्लास्टिक आक्रसले की ते फळीलाही ओढते आणि कडेने तडा जातो. जुन्या मार्टिनमध्ये हा दोष इतका परिचयाचा आहे की जाणकार त्याला घाबरत नाही. घाबरतो तो एखाद्या हौशी सुताराने फेव्हिकॉल भरून केलेल्या दुरुस्तीला. तारा थोड्या सैल करून गिटार केसमध्ये ठेवावी, समुद्राकडच्या दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पिशव्या घालाव्यात आणि एकही मूळ भाग बदलू नये. पूर्वी कधी खुंट्या किंवा ब्रिज बदलला असेल आणि जुने भाग एखाद्या डब्यात पडले असतील तर ते शोधून काढावेत. अशा गिटारच्या मूळ खुंट्यांनाही किंमत असते. विकण्याआधी जुन्या गिटारची पारख असलेल्या कारागिराकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावे. मूल्यांकन करणारा आणि विकत घेऊ पाहणारा एकच माणूस नसावा.

प्रश्न : माझी टेलर कंपनीची ८१४सीई ही गिटार शिलाँगच्या एका वादकाला विकायचे ठरले आहे. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ती पाहिली आणि पैसे खात्यात जमाही झाले. नागपूरहून पाठवताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी गिटार नागपूरच्या उन्हाळ्यातून सावरली आहे ना ते पाहावे. फ्रेटची टोके टोचत असतील तर पाठवण्यापूर्वी आठवडाभर केसमध्ये भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा. शिलाँगची हवा दमट आहे, आणि एकदम कोरड्यातून तिकडे गेलेली गिटार पहिल्या महिन्यात बदलेल, हे घेणाऱ्याला आधीच कळवावे.

तारा एक-दोन सूर खाली उतरवाव्यात, पूर्ण काढू नयेत. गिटारच्या प्रीअँपमधली (आवाज वाढवणाऱ्या आतल्या यंत्रातली) बॅटरी काढून घ्यावी. केसच्या कप्प्यातला कॅपो (मानेवर लावायचा चिमटा), पान्हा, जादा तारा वेगळ्या पिशवीत द्याव्यात, कारण प्रवासात सुटा झालेला कॅपोच फळीला पोचा पाडतो. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मऊ कापड असे भरावे की केस उलटी केली तरी गिटार आत हलणार नाही. पडताना बहुतेक गिटार हेडस्टॉकपाशीच मोडतात. हार्ड केस त्याहून मोठ्या खोक्यात, सर्व बाजूंनी भरण घालून बसवावी. पॅकिंगचा एकसंध व्हिडिओ करावा, त्यात क्रमांक दिसावा, आणि पूर्ण किमतीचा विमा उतरवावा. कुरिअरवाला वाद्याचा विमा देत नसेल तर दुसरा पाहावा, किंवा ओळखीचे कोणी विमानाने जाणार असेल त्यांच्यासोबत पाठवावी. थंडीत पाठवत असल्यास खोके पोहोचल्यावर घरात काही तास न उघडता ठेवावे, असे घेणाऱ्याला सांगावे. एकदम उघडल्यास थंड झालेल्या वरच्या चकचकीत थराला बारीक भेगा पडू शकतात.